३६० डिग्री कॅमेरा वारंवार काळा पडतोय? नवा कॅमेरा घेण्याआधी वायरीचा पीळ तपासा

गाडी रिव्हर्सला टाकली की स्क्रीनवर चित्र येतं, दोन-चार सेकंदांत थिजतं आणि मग काळं पडतं. कधी ‘कॅमेरा उपलब्ध नाही’ अशी पाटी झळकते. गाडी बंद करून पाच मिनिटांनी चालू केली की सगळं ठणठणीत. गॅरेजला नेली तर तिथं एकदाही होत नाही, घरी आणली की दोन दिवसांत पुन्हा तेच.

मागच्या उन्हाळ्यात ही तक्रार घेऊन एक एसयूव्ही माझ्याकडे परभणीला आली. मालक गंगाखेडकडचे, वयानं मोठे, आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. माझ्याकडे येण्याआधी त्यांनी मागचा कॅमेरा दोनदा बदलला होता, एकदा स्क्रीनचं सॉफ्टवेअर नव्यानं टाकून घेतलं होतं, आणि तिसऱ्या ठिकाणी त्यांना अख्खी स्क्रीन बदलायचा सल्ला मिळाला होता. चावी हातात देताना ते म्हणाले, “भाऊ, पैशाचं जाऊ द्या, पण हे काहून व्हायलंय तेवढं सांगा. आतापर्यंत कुणीच सांगितलं नाही.”

दोष मागच्या कॅमेऱ्यात नव्हता, स्क्रीनमध्येही नव्हता. तो समोरच्या जाळीमागे, रेडिएटरच्या पंख्याशेजारी, दोन फूट वायरीत होता. तिथपर्यंत कसं पोहोचलो ते सविस्तर लिहितो, कारण अशा गाड्या आता शहरातच राहिलेल्या नाहीत. सेलू, मानवत, पूर्णा, जिंतूर, सगळीकडून येतात, आणि गावातला वायरमन ज्या सवयीनं हॉर्नची वायर जोडतो त्याच सवयीनं ही वायरही जोडतो. त्यात त्याचा दोष नाही. ही वायर वेगळी आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आधी माणसाला विचारा, मग गाडीला

स्कॅनर, म्हणजे गाडीतल्या संगणकांनी नोंदवलेले दोष वाचणारं यंत्र, लावायच्या आधी मी अप्पांना अर्धा तास बसवून घेतलं. कधी होतं, म्हणून विचारलं तर म्हणाले, “टाइम नाही त्याला.” वेळ असते, फक्त ती घड्याळातली नसते. सकाळी शेतात जाताना होतं का? नाही. लेकीकडे नागपूरला जाताना, जालन्याला समृद्धीवर चढल्यावर? नाही, टोलनाक्याला उतरल्या उतरल्या त्यांनी मुद्दाम बटण दाबून बघितलं होतं, चित्र स्वच्छ. मग कुठं होतं? गंगाखेडच्या बाजारात, पेट्रोल पंपावर, मंगल कार्यालयासमोर गाडी लावताना. एसी चालू असतो का? “मे महिन्यात एसी बंद करून कोण बसतं भाऊ?”

इथंच माझं लक्ष पंख्याकडे गेलं. गाडी हमरस्त्यावर ताशी १०० नं धावते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, पंखा क्वचितच लागतो. गाडी बाजारात रांगत असते, वरून एसी चालू असतो, तेव्हा पंखा पूर्ण जोरानं फिरतो. परभणीत मे महिन्यात पारा ४३-४४ पर्यंत जातो, मग तर तो थांबतच नाही. सकाळी सातला गार गाडी बॉनेट उघडून तपासली तर पंखा चालू होत नाही आणि दोषही दिसत नाही. अप्पांची गाडी आधी तीन ठिकाणी तपासली गेली ती तिन्ही वेळा सकाळीच.

दुसरा प्रश्न मी नेहमी विचारतो: गेल्या वर्षभरात वायरिंगला कुणाचा हात लागला होता का? अप्पा आधी नाहीच म्हणाले. मग आठवून म्हणाले, दिवाळीच्या सुमारास उंदरांनी बॉनेटखाली वायरी कुरतडल्या होत्या, त्या जोडून घेतल्या होत्या. “पण त्याला तर सहा महिने झाले, आणि कॅमेरा गुढीपाडव्यापासून बिघडायलाय.” बरोबर आहे. थंडीत पंखा फारसा लागलाच नाही, म्हणून जोड चार महिने निभावला. ऊन तापलं तसा दोष वर आला. दुरुस्ती आणि बिघाड यांच्यात एवढं अंतर पडलं की दोन्हींचा संबंध लावायचं कुणालाच सुचत नाही.

कोड पुसू नका, आधी वहीत लिहा

आमच्याकडे एक सवय फार पसरली आहे. स्कॅनर लावायचा, दोषाचा कोड दिसला की लगेच पुसायचा आणि ‘झालं काम’ म्हणून गाडी सोडायची. कोड पुसला की त्याच्यासोबतची नोंदही जाते: तेव्हा वेग किती होता, इंजिनचं पाणी किती तापलं होतं, बॅटरीचा व्होल्टेज किती होता. अधूनमधून येणाऱ्या दोषात तीच नोंद सोन्यासारखी असते.

या गाडीतला कोड समोरच्या कॅमेऱ्याशी संपर्क तुटल्याचा होता. मागच्या नाही, समोरच्या. सोबतच्या नोंदीत वेग शून्याजवळ, इंजिनचं पाणी चांगलं तापलेलं, बॅटरी व्यवस्थित. मग मागचा कॅमेरा का बदलला गेला? कारण अप्पांना दोष दिसायचा तो रिव्हर्स घेताना. ३६० डिग्रीच्या चित्रात समोर, मागे आणि दोन्ही आरशांखाली असे चार कॅमेरे असतात. चौघांची चित्रं एका मॉड्यूलमध्ये, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकात, जोडली जातात आणि वरून बघितल्यासारखं एक चित्र तयार होतं. या गाडीत चारपैकी एक जरी गप्प झाला तरी मॉड्यूल अख्खं चित्र बंद करतं. अपुरं चित्र दाखवून चालकाची फसगत करण्यापेक्षा ते बरंच. पण बघणाऱ्याला वाटतं, रिव्हर्स घेताना गेलं म्हणजे मागचाच खराब. साधा, फक्त इंजिनचे कोड वाचणारा स्कॅनर असेल तर कॅमेऱ्याच्या मॉड्यूलपर्यंत तो पोहोचतच नाही, आणि मग अंदाजानं सुटे भाग बदलणं सुरू होतं.

ही वायर हॉर्नच्या वायरीसारखी का नाही

हा भाग जरा लांबेल, पण वाचाच. हे एकदा कळलं की पुढच्या दहा गाड्यांचं निदान सोपं होतं.

गाडीतली मॉड्यूलं एकमेकांशी बोलतात ती बहुतेक कॅन नावाच्या जोडीवर. बॉश कंपनीनं १९८३ मध्ये त्यावर काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये ते जगापुढे मांडलं. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन वायरी, आणि त्यांवर सेकंदाला सहसा ५ लाख बिट, बिट म्हणजे माहितीचा सगळ्यात लहान तुकडा. ‘ब्रेक दाबला’, ‘वेग ६२’, ‘दार उघडं’ अशा छोट्या निरोपांना एवढं भरपूर झालं. त्याहून हळू, एकाच वायरीवर चालणारी लिन असते, तिचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त २० हजार बिट. काचा, आरसे, वायपर तिच्यावर चालतात.

कॅमेऱ्याचं मात्र असं भागत नाही. हिशोब करून बघा. १२८० गुणिले ८०० म्हणजे एका चित्रात दहा लाखांवर ठिपके. प्रत्येक ठिपक्याला १६ बिट आणि सेकंदाला ३० चित्रं धरली तर सेकंदाला जवळजवळ ४९ कोटी बिट होतात. कॅनच्या ५ लाखांच्या पुढे हे जवळपास हजारपट झालं. म्हणून चित्र आधी दाबून लहान करतात आणि इथरनेटवरून पाठवतात. घरातल्या किंवा ऑफिसातल्या इथरनेटचाच हा भाऊ, पण गाडीसाठी वेगळा घडवलेला: चार जोड्यांऐवजी पिळलेली एकच जोडी, तिच्यावर सेकंदाला १० कोटी बिट, लांबी १५ मीटरपर्यंत. ब्रॉडकॉम कंपनीच्या तंत्रावर हे उभं राहिलं, २०१३ च्या बीएमडब्ल्यू एक्स५ मध्ये भोवतालच्या कॅमेऱ्यांसाठी ते वापरलं गेलं, आणि २०१५ मध्ये १०० बेस-टी१ या नावानं त्याचं अधिकृत मानक ठरलं. २०१६ मध्ये याच धर्तीवर सेकंदाला १०० कोटी बिटांचंही मानक आलं.

आता मुख्य गोष्ट. कॅनवर एक बिट २ मायक्रोसेकंद टिकतो. वायरीत संकेत प्रकाशाच्या साधारण दोन-तृतीयांश वेगानं धावतो, म्हणजे तेवढ्या वेळात तो ४०० मीटर जातो. गाडी आहे साडेचार मीटरची. जोड वाईट असला, तिथून थोडा संकेत आपटून परत आला, तरी बिट वाचायची वेळ येईपर्यंत तो गोंधळ केव्हाच शांत झालेला असतो. म्हणूनच कॅनवरचा कच्चा जोड पुष्कळदा चालून जातो, आणि तो चालून गेल्यामुळेच आपली सवय बिघडते.

इथरनेटच्या जोडीवर सेकंदाला सुमारे ६ कोटी ६७ लाख ठोके पडतात. एका ठोक्याला वेळ मिळतो १५ नॅनोसेकंद, आणि तेवढ्यात संकेत जेमतेम ३ मीटर जातो. जोडावर आपटून परत आलेला आवाज थेट पुढच्या ठोक्यात मिसळतो. भरीस भर म्हणजे दोन्ही टोकं एकाच जोडीवर एकाच वेळी बोलतात. कॅमेरा बोलत असतो, समोरचं मॉड्यूलही बोलत असतं, आणि प्रत्येक जण ऐकू येणाऱ्यातून आपला स्वतःचा आवाज वजा करून दुसऱ्याचं ऐकतो. त्यात संकेताला अधिक, शून्य आणि उणे अशा तीन पातळ्या, ताकद एखाद्या व्होल्टची. भर बाजारात दोघं एकाच वेळी कुजबुजत बोलतायत आणि तरी एकमेकांचं नीट ऐकतायत, असं हे काम आहे.

हे जमतं ते पिळामुळे. बाहेरचा त्रास, म्हणजे पंख्याच्या मोटरीचा, इंजेक्टरचा, अल्टरनेटरचा, पिळलेल्या दोन्ही वायरींवर सारखाच पडतो. ऐकणारा दोन्हींतला फक्त फरक बघतो, म्हणून सारखा पडलेला त्रास आपोआप बाद होतो. पीळ उलगडून दोन वायरी अलग केल्या की एकीवर जास्त आणि दुसरीवर कमी पडतो, आणि तो फरक संकेत म्हणूनच ऐकला जातो. शिवाय पीळ आणि दोन वायरींतलं अंतर सारखं असेल तरच जोडीचा १०० ओहमचा अवरोध (इम्पिडन्स) कायम राहतो. हा अवरोध मीटर लावून दिसत नाही, पण तो जिथं बदलतो तिथूनच संकेत परत आपटतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. या वायरीचं उलटं आहे. तांबं शाबूत राहतं, पीळ तेवढा जातो, आणि त्याबरोबर तिचं कामही.

सापडलं काय

समोरची जाळी आणि बंपर काढला. पंख्याच्या चौकटीला लागून टेपची एक जाड गाठ होती. उन्हानं टेपचा गोंद वितळून काळा चिकट लगदा झाला होता. तो सोडवला तर आत कंपनीची बारीक पिळलेली जोडी दोन्हीकडून तोडलेली, आणि मधे दोन फुटांच्या दोन साध्या वायरी, एक लाल, एक काळी. एक पंख्याच्या जाड वायरीच्या अलीकडून गेलेली, दुसरी पलीकडून. सोल्डरचा डाग मात्र स्वच्छ दिलेला होता. ज्यानं काम केलं त्यानं मन लावून केलं होतं.

मल्टिमीटर लावला तर बीप येतो, ओहम जवळजवळ शून्य. मीटरच्या दृष्टीनं वायर उत्तम. आधीच्या गॅरेजांनीही बीप ऐकूनच वायरिंग ठीक म्हटलं असणार. बीप एवढंच सांगतो की तांबं तुटलेलं नाही. सेकंदाला साडेसहा कोटी ठोके त्यातून धड जातात की नाही, हे बीप सांगत नाही.

तरी संशयावर दुरुस्ती करू नये, आधी गुन्हा शाबीत करावा. त्यासाठी दोन गोष्टी केल्या. एक, स्कॅनरवरून पंखा मुद्दाम पूर्ण जोरात चालू केला. बऱ्याच स्कॅनरमध्ये तशी सोय असते. या गाडीच्या कॅमेरा मॉड्यूलमध्ये दुव्याची, म्हणजे कॅमेऱ्याशी असलेल्या संपर्काची, गुणवत्ता आकड्यात दिसते, शून्य ते सात. पंखा बंद असताना पाच, चालू केला की दोन, एक, आणि अर्ध्या मिनिटात स्क्रीन काळी. पंखा बंद केला, गाडी बंद-चालू केली, चित्र परत. असं चार वेळा केलं, चारही वेळा तेच. अप्पा शेजारी उभे राहून बघत होते. चौथ्या वेळी स्क्रीन काळी झाली तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता, कारण दोष पहिल्यांदाच हुकमावर आला होता.

दोन, तात्पुरती जोडी लावून बघितली. संगणकाची लॅन केबल असते ना, ती बारीक तारांची मऊ असते तशी घ्यायची, भिंतीत घालतात ती एकेरी जाड तारेची नाही. तिच्यातली एक पिळलेली जोडी काढून कॅमेऱ्याच्या कपलरपासून (वायरीच्या टोकाच्या प्लगपासून) पुढच्या कपलरपर्यंत बाहेरून, पंख्यापासून लांब नेली. घरच्या लॅन केबलचा अवरोधही १०० ओहमच असतो, म्हणून तपासणीपुरती ती चालते. पंखा चालू, एसी चालू, भर दुपारी दोन वाजता चाळीस मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवली. गुणवत्ता सातवरून हलली नाही.

ती लॅन केबल तशीच आत ठेवून बंपर लावायचा मोह होतो. तसं करू नका. इंजिनजवळची उष्णता, तेल आणि आपल्या रस्त्यांचे हादरे तिच्या आवरणाला सोसत नाहीत, वर्षभरात ती तडकते.

पक्की दुरुस्ती

इथरनेटच्या जोडीला मधे जोड द्यायचाच नाही, हा माझा नियम. एका कपलरपासून दुसऱ्या कपलरपर्यंत पूर्ण तुकडा बदलायचा. कंपनीचा तयार तुकडा मिळाला तर उत्तम. छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याहून मागवावा लागला तर चार-पाच दिवस थांबा, घाईत काहीतरी जोडू नका. कपलरमध्ये पिन बसवताना पीळ पिनेच्या अगदी जवळ, सेंटीमीटरभर अंतरापर्यंत टिकवा. पिना योग्य हत्यारानंच दाबा, पक्कडीनं नाही. नवी जोडी पंख्याच्या आणि स्टार्टरच्या जाड वायरींपासून दूर न्या. ओलांडावीच लागली तर आडवी ओलांडा, समांतर नेऊ नका. चिकट काळ्या प्लास्टिक टेपऐवजी कापडी टेप वापरा, आपल्या उन्हात तीच टिकते. बंपर काढताना कॅमेरा जागचा हलला असेल तर शेवटी चारही चित्रांची जुळणी स्कॅनरवरून पुन्हा करा, नाहीतर जमिनीवरच्या रेषा तुटक दिसतात.

सगळ्या कॅमेऱ्यांना हे लागू नाही. काहींना एकच गोल जाड केबल असते, टीव्हीच्या केबलसारखी, टोकाला रंगीत चौकोनी कपलर. ती कोअ‍ॅक्स. तिच्यातूनच चित्र जातं आणि बहुतेक वेळा कॅमेऱ्याची वीजही. ती कापून जोडता येतच नाही, आणि फार मुरडली तरी खराब होते. डिकीच्या दारातून जाते तिथं, बिजागरीपाशी आधी बघा. आणि बाहेरून बसवलेला साधा कॅमेरा असेल, पिवळी गोल पिन असलेला, तर तो प्रकार निराळा; तिथं नव्वद टक्के वेळा रिव्हर्स लाइटवरून घेतलेली वीज किंवा अर्थिंगच सैल निघतं.

कॅमेरा नाही, पण डॅशबोर्डच्या मीटरवर सगळे दिवे एकदम लागतात

हा त्याच घराण्यातला दुसरा आजार. एबीएस, स्टेअरिंग, एअरबॅग, इंजिन, सगळ्यांचे दिवे एकदम लागतात, काटा शून्यावर पडतो आणि दोन मिनिटांनी सगळं पूर्ववत होतं. एवढी मॉड्यूलं एकाच वेळी खराब होत नाहीत. त्यांची बोलायची वाट तुटलेली असते. स्कॅनरवर यू०१००, यू०१२१, यू०१४० असे ‘यू’चे कोड एकदम चार-पाच दिसले की कॅनकडे वळा.

इथं मात्र मल्टिमीटर उपयोगी पडतो. बॅटरीचं टर्मिनल काढा, थोडा वेळ थांबा, आणि ओबीडी सॉकेटच्या, म्हणजे स्कॅनर लावतात त्या सॉकेटच्या, ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, म्हणून दोन्ही मिळून ६० दिसायला हवेत. १२० दिसले तर एक टोक तुटलं आहे. ४० च्या आसपास दिसले तर कुणीतरी तिसरा रोध असलेलं उपकरण जोडलं आहे. शून्याजवळ दिसले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. मग बॅटरी जोडून, चावी चालू करून व्होल्टेज बघा: बॉडीच्या तुलनेत ६ वर अडीचपेक्षा थोडं जास्त, १४ वर अडीचपेक्षा थोडं कमी, दोन्हींची बेरीज पाचच्या आसपास.

एक सावधगिरी. नव्या गाड्यांत ओबीडी सॉकेटच्या मागे गेटवे, म्हणजे वेगवेगळ्या ओळींमध्ये निरोपांची ने-आण करणारं मॉड्यूल, असतो. तिथं मोजलेले ६० ओहम फक्त स्कॅनर लागतो त्या ओळीचे असतात. इंजिनची, बॉडीची ओळ गेटवेच्या पलीकडे असते, तिचा आकडा तिच्यावरच्या कपलरपाशीच घ्यावा लागतो. इथं ६० आले म्हणून कॅन ठीक, असा निकाल देऊन गाडी सोडू नका. आणि इथरनेटच्या जोडीवर ६० शोधायला जाऊ नका. तिच्या टोकांना मॉड्यूलमध्ये कपॅसिटर असतात, तिथं मीटरचा आकडा काही अर्थ सांगत नाही.

गाडी बंद करून चालू केली की दोष का जातो, हेही बऱ्याच जणांना कोडं वाटतं. कॅनवरचं प्रत्येक मॉड्यूल आपल्या चुका मोजतं. पाठवताना झालेल्या चुकांची मोजणी २५५ च्या पुढे गेली की ते स्वतःच बोलणं थांबवतं, म्हणजे त्याच्यामुळे इतरांचं बोलणं अडू नये. चावी बंद-चालू केली की मोजणी शून्यावर येते आणि ते पुन्हा बोलू लागतं. तेव्हा ‘बंद करून चालू केली की बरी होते’ हे ऐकून मॉड्यूल खराब ठरवू नका. ते आपलं काम नियमाप्रमाणे करत असतं.

आमच्या भागात कॅनचे दोष येतात ते बहुतेक बाहेरून जोडलेल्या वस्तूंमुळे: वायर सोलून मधेच बसवलेला जीपीएस ट्रॅकर, ओबीडीत कायमचं खोचून ठेवलेलं उपकरण, कॅनवरून बटणं चालवणारा नवा स्टिरिओ. आधी ते सगळं काढा, दोन दिवस गाडी फिरवा, मग पुढे जा. कॅनवर जोड देणं भागच असेल तर दोन्ही वायरींचे जोड एकाच जागी न घेता पुढे-मागे घ्या, वरून तापवली की आकसणारी हीटची नळी चढवा, आणि पीळ परत द्या, अडीच सेंटीमीटरला एक या हिशोबानं. अर्थिंग तर सगळ्यात आधी बघावं. काळ्या मातीच्या चिखलात वर्ष काढलेल्या गाडीचा अर्थिंगचा बोल्ट वरून चकचकीत आणि खालून गंजलेला असतो.

उंदीर

सोयाबीन निघालं की रानं मोकळी होतात आणि उंदीर घराकडे सरकतात. रात्री गरम बॉनेटसारखी ऊबदार जागा त्यांना दुसरी मिळत नाही. लोक डांबरगोळ्या ठेवतात, तंबाखूची पूड टाकतात. डांबरगोळ्या इंजिनच्या उष्णतेनं झपाट्यानं उडून जातात, पुडीचा वास आठवडाभरही टिकत नाही. मी सांगतो ते एवढंच: गाडी कडब्याच्या गंजीशेजारी किंवा धान्याच्या पोत्यांजवळ लावू नका, दिवाळीच्या महिन्यात रोज सकाळी चावी लावायच्या आधी बॉनेट उघडून बघा, आणि खालच्या बाजूनं बारीक लोखंडी जाळी बसवून घ्या. जाळी बसवताना एक्झॉस्टजवळ आणि पट्ट्याजवळ ती लागणार नाही इतकी जागा सोडा.

अप्पांच्या गाडीत नवी जोडी मी चिरलेल्या प्लास्टिक नळीतून घातली आणि पंख्याच्या चौकटीऐवजी वरच्या पट्टीवरून नेली. जून गेला, पावसाळा गेला, स्क्रीन एकदाही काळी झाली नाही. दिवाळीनंतर ते फक्त दाखवायला आले. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या मागे शेंगांची फोलपटं आणि सोयाबीनचा भुसा. उंदीर याही वर्षी येऊन गेला होता. नळीवर दातांच्या खुणा होत्या, आतली जोडी शाबूत होती. अप्पा गाडीत बसले, एसी लावला, रिव्हर्स टाकला आणि पंखा चालू होईपर्यंत स्क्रीनकडे बघत बसले. मग मी जाळी बसवायला घेतली.